मस्कतहून बॅगेतून अंडी आणावीत का? बर्ड फ्लू देशांच्या सीमा कसा ओलांडतो

प्रश्न थोडक्यात असा होता: "गुहागर तालुक्यात माझ्याकडे साडेतीनशे गावठी कोंबड्या आहेत. धाकटा भाऊ मस्कतला असतो. शिमग्याला येताना तिथून ब्रह्मा जातीची डझनभर उबवणीची अंडी बॅगेतून आणतो म्हणतोय. गावात कोणी म्हणतं बर्ड फ्लू परदेशी कोंबड्यांच्या व्यापारातून येतो, कोणी म्हणतं पाहुण्या पक्ष्यांमुळे येतो. नक्की काय? आणि बारा अंड्यांनी असं काय होणार आहे?"

दादा, आधी सरळ उत्तर देतो. अंडी आणू नका. भावाला आजच फोन करून सांगा. कारणं मात्र सविस्तर सांगतो, कारण उद्या दुसरं कोणी हाच प्रश्न कोंबडीच्या पिल्लांबद्दल, लव्हबर्डबद्दल किंवा खताच्या ट्रकबद्दल विचारेल.

मी कोंबड्यांचा डॉक्टर. रायगड आणि रत्नागिरीत अठ्ठावीस वर्षं शेडमधून फिरतोय. त्याआधी काही वर्षं एका हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढणाऱ्या केंद्रात होतो. आमच्याकडे परदेशातून विमानाने पिल्लं यायची आणि ती उतरवून घ्यायला मी मुंबई विमानतळावर रात्र-रात्र उभा राहिलोय. त्यामुळे व्यापाराचं ते टोकही पाहिलंय आणि आपल्या परसातलं खुराडंही.

"व्यापार की पक्षी" हा वाद ऐकायला बरा वाटतो, पण त्यातून हाताला काही लागत नाही. विचारायचं ते असं: लागण झालेला पण धडधाकट दिसणारा माल किती वेळात किती लांब जातो, आणि वाटेत त्याच्याकडे कोणी बघतं का? लागण झालेली कोंबडी लगेच मान टाकत नाही. पहिले एक-दोन दिवस, कधी जास्तही, ती खाते, पिते, अंडंही देते. त्याच दिवसांत तिच्या विष्ठेतून आणि नाका-तोंडातून विषाणू बाहेर पडायला सुरुवात झालेली असते. अख्ख्या कळपाचा विचार करताना आंतरराष्ट्रीय नियमांत ही लपलेली मुदत १४ दिवस धरतात. बदकांचं तर आणखी अवघड. पुष्कळदा बदक अंगात विषाणू घेऊन मजेत पोहत असतं, चेहऱ्यावर काही दिसत नाही. आणि मस्कत ते मुंबई विमानाला किती वेळ लागतो? जेमतेम तीन तास. रोग दिसायच्या आत माल घरी पोचलेला असतो.

आज आपण बर्ड फ्लूच्या ज्या एच५एन१ या विषाणूला घाबरतो, त्याच्या या घराण्याचा माग १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या एका हंसापर्यंत जातो. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण झाली, त्यातली ६ दगावली, आणि तिथल्या सगळ्या, म्हणजे दहा लाखांहून जास्त कोंबड्या मारल्या गेल्या. तिथे घोळ झाला होता जिवंत पक्ष्यांच्या बाजारात. कोंबड्या, बदकं, हंस, लावे एकमेकांवर रचलेल्या पिंजऱ्यांत. रोज नवा माल, जुना उरलेला तिथेच, त्यामुळे विषाणूला मुक्काम मिळाला. नंतर त्यांनी बदकं-हंस वेगळे काढले आणि २००१पासून महिन्यातून एक दिवस सगळे बाजार रिकामे करून धुवायला सुरुवात केली. आपल्या आठवडी बाजारात डालग्यांची जी रांग लागते, ती पाहिली की मला हे हमखास आठवतं.

देशांच्या सीमा ओलांडल्याचे पक्के पुरावे वेगवेगळ्या वस्तूंमधून मिळालेत. त्या वस्तूंचं वेगळेपण समजून घेणं फार गरजेचं आहे.

मांस घ्या. २००१मध्ये चीनहून दक्षिण कोरियात गेलेल्या गोठवलेल्या बदकाच्या मांसात जिवंत एच५एन१ सापडला. पुढे २००३मध्ये जपानलाही तसाच अनुभव आला. लोक म्हणतात, "बर्फात ठेवलंय, काय होतंय?" उलट आहे. थंडीत हा विषाणू टिकतो, उष्णतेत मरतो. नीट शिजवलेल्या, आतपर्यंत ७० अंशांवर गेलेल्या मांसात तो उरत नाही. त्यामुळे वडे-सागुतीला काही धोका नाही. धोका आहे तो कच्चं मांस धुतलेल्या पाण्याला, पिसांना, आतड्यांना, आणि ते जिथे टाकलं जातं त्या उकिरड्याला. २००७मध्ये इंग्लंडच्या सफोक भागात टर्कीच्या एका मोठ्या फार्मवर साथ आली आणि जवळपास १ लाख ६० हजार पक्षी मारावे लागले. विषाणू हंगेरीतल्या साथीशी जवळजवळ तंतोतंत जुळला. फार्मला लागूनच मांसप्रक्रियेचा कारखाना होता आणि तिथे हंगेरीहून टर्कीचं मांस येत होतं. सरकारी चौकशीत सर्वांत संभाव्य वाट म्हणून तेच पुढे आलं.

जिवंत पक्ष्यांत सगळ्यात बोलकं उदाहरण ब्रुसेल्स विमानतळाचं. २००४च्या ऑक्टोबरमध्ये थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या हातातल्या सामानात दोन शिकारी गरुड लपवलेले सापडले. दोघांनाही एच५एन१ होता. कस्टमच्या माणसाने ती बॅग उघडली नसती तर? पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या क्वारंटाइनमध्ये तैवानहून आलेले शोभेचे पक्षी याच रोगाने मेले. युरोपीय संघाने रानटी पक्ष्यांची आयात आधी तात्पुरती आणि २००७पासून कायमची बंद केली.

तिसरी वाट चोरट्या व्यापाराची. व्हिएतनामच्या उत्तरेला लांग सोन प्रांत आहे, चीनच्या सीमेला टेकलेला. अंडी देऊन संपलेल्या कोंबड्या चीनमध्ये स्वस्त, व्हिएतनाममध्ये त्यांना भाव चांगला. मग रात्री डोंगरवाटेने पोती-पिंजरे उतरतात. तिथे पकडलेल्या कोंबड्यांत हा विषाणू सापडलेला आहे. कागद नाही, डॉक्टर नाही, क्वारंटाइन नाही. दोन बाजारांतल्या भावात जितका फरक, तितकी ही वाट रुंद होत जाते.

आता पाहुण्या पक्ष्यांची बाजू. ती नाकारणं खोटेपणा होईल. मे २००५मध्ये चीनच्या किंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी मेले, त्यांत पट्टकादंब हंस बरेच होते. त्यानंतर विषाणू रशिया, युरोप, आफ्रिका असा सरकत गेला. अलीकडे, २०२१च्या अखेरीस तो अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेत पोचला, २०२२मध्ये दक्षिण अमेरिकेत, आणि २०२३मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या साउथ जॉर्जिया बेटावरच्या समुद्रपक्ष्यांत. तिथे कोणी कोंबड्या विकायला गेलं नव्हतं. आपल्याकडेही जानेवारी २०२१मध्ये दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांचे नमुने पॉझिटिव्ह आले होते, हे तुम्हाला आठवत असेल.

मग ओळखायचं कसं? मी तीन गोष्टी बघतो. एक, विषाणूची जनुकीय रचना कुठल्या साथीशी जुळते. हे काम भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेचं. दुसरं, हंगाम आणि जागा. हिवाळ्यात, पाणथळीच्या कडेने, आधी रानपक्षी मेले आणि मग कोंबड्या, तर बोट आकाशाकडे जातं. साथ रस्त्याच्या, बाजाराच्या, एकाच व्यापाऱ्याच्या गिऱ्हाइकांच्या रांगेने पसरत असेल, तर गाड्यांची वही मागायची. तिसरं, मेलेल्या पहिल्या कोंबडीच्या मालकाशी चहा घेत तासभर बोलायचं. गेल्या पंधरा दिवसांत घरात काय नवं आलं, हे माणूस पहिल्या दहा मिनिटांत कधीच सांगत नाही. आणि बऱ्याच वेळा दोन्ही वाटा जोडलेल्या असतात. रानपक्षी विषाणू देशात आणून सोडतो आणि पुढचे दोनशे किलोमीटर त्याला टेम्पो नेतो. नायजेरियात २००६च्या सुरुवातीला आफ्रिकेतली पहिली साथ आली तेव्हाही पक्ष्यांनी आणला की आयात पिल्लांनी, यावर बराच वाद झाला. नंतरच्या जनुकीय अभ्यासात दिसलं की विषाणू देशात एकापेक्षा जास्त वेळा वेगवेगळा शिरला होता.

जानेवारी २०२५मध्ये उरणच्या चिरनेरला परसातल्या कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला, तेव्हा मला दिवसाला वीस फोन यायचे. "डॉक्टर, बंदर जवळ आहे, कंटेनरमधूनच आला ना?" न्हावा-शेवा नजरेसमोर असलं की असं वाटणं साहजिक आहे. पण बंदरातून जिवंत कोंबड्यांची जहाजं येत नाहीत. परदेशी कोंबडीच्या तंगड्यांवर आपल्याकडे शंभर टक्के आयात शुल्क आहे, त्यामुळे कच्च्या चिकनची आयात नगण्य. मी त्या ठिकाणी आधी विचारलं असतं: बाजारातून नवी कोंबडी कोणी आणली, उरणच्या पाणथळींवरचे बगळे-बदकं कुठे चरतात, कावळे कुठे मेलेत? कंटेनर माझ्या यादीत शेवटी आला असता.

कायदेशीर व्यापाराबद्दल माझं मत लोकांना आश्चर्याचं वाटतं. रोग आणण्याच्या सगळ्या वाटांत मला त्याची भीती सर्वांत कमी वाटते. आम्ही मागवायचो ती आजोबा-पिढीची, म्हणजे ज्यांची नातवंडं शेतकऱ्याच्या शेडमध्ये जातात अशी, एक दिवसाची पिल्लं. एकच दिवसाची का? तर अंड्यातून निघताना पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाचा शिल्लक साठा असतो आणि त्यावर ते दाणा-पाण्याशिवाय साधारण ७२ तास काढू शकतं. शिवाय उबवणी यंत्रातून थेट पेटीत गेलेल्या पिल्लाचा इतर कोंबड्यांशी संबंधच आलेला नसतो. पाठवणाऱ्या देशाच्या सरकारी डॉक्टरचा दाखला, त्या भागात रोग नसल्याची नोंद, आपल्या केंद्र सरकारची आधी घेतलेली परवानगी, उतरल्यावर क्वारंटाइन अधिकाऱ्याची तपासणी, आणि मग ठरलेल्या मुदतीपर्यंत वेगळ्या शेडमध्ये मुक्काम. एकदा दाखल्यावरच्या एका तारखेत गफलत होती म्हणून आमच्या पेट्या पहाटेपर्यंत अडकल्या. मी चिडलो होतो, पिल्लांचे हाल बघवत नव्हते. आज वाटतं त्या अधिकाऱ्याने बरोबर केलं. कागदाला ढिलाई दिली की दाखल्याला अर्थ राहत नाही. यातही छिद्रं आहेतच. दाखला सही झाला त्या दिवशी रोग लपलेल्या मुदतीत असू शकतो. पण निदान मागे वळून शोध घेता येतो, पेटी कुठून कुठे गेली ते कळतं. तुमच्या भावाच्या बॅगेला मागचा पत्ता नसतो.

यातलं सगळ्यात कळीचं सांगतो, ज्यावर बोललं कमी जातं. रोग जाहीर केला की देशाचा व्यापार थांबतो. म्हणजे खरं बोलणाऱ्याला शिक्षा. मग लपवण्याचा मोह होतो आणि लपवलेल्या काळात माल जातच राहतो. २००४च्या जानेवारीत थायलंडने साथ मान्य केली, त्याआधी काही आठवडे कोंबड्या मरत होत्या आणि कारण वेगळं सांगितलं जात होतं. जगातल्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक असलेल्या त्या देशाचं कच्चं चिकन युरोप-जपानने बंद केलं. थायलंडने मग शिजवलेलं चिकन विकण्यावर भर दिला. युरोपचं कच्च्या मालाचं दार २०१२मध्ये उघडलं. म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमांत अख्ख्या देशाऐवजी बाधित भागापुरती बंदी घालण्याची सोय आहे. मे २०२५मध्ये ब्राझीलमध्ये, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या चिकन निर्यातदाराच्या घरी, व्यावसायिक फार्मवर पहिल्यांदा साथ निघाली. काही देशांनी सगळा ब्राझील बंद केला, काहींनी तेवढाच भाग. सफाईनंतर २८ दिवस नवी केस नाही म्हटल्यावर जूनमध्ये त्यांनी आपण मुक्त असल्याचं जाहीर केलं. आपण स्वतः याच मुद्द्यावर जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेशी हरलोय. सौम्य प्रकारचा फ्लू सापडला तरी संपूर्ण देशाचा माल अडवण्याची आपली बंदी २०१५मध्ये अपिलातही टिकली नाही. अनेकांना तो निकाल देशावरचा अन्याय वाटला. मला वाटतं, भागापुरती बंदी असेल तरच लोक वेळेवर तोंड उघडतात.

गावातही हेच घडतं. फेब्रुवारी २००६मध्ये देशातली पहिली साथ नंदुरबारच्या नवापूरला जाहीर झाली, तेव्हा कोकणातले चिकनचे भाव एका रात्रीत कोसळले. माझ्या ओळखीच्या एका शेडमालकाने, कोंबड्यांना काही झालेलं नसताना, घाबरून बॅच येईल त्या भावाला तीन वेगवेगळ्या गाड्यांत भरून दिली. त्या निरोगी होत्या म्हणून निभावलं. पण आजारी शेडचा मालकही नेमकं हेच करतो. मर लागली की पहिला फोन व्यापाऱ्याला, दुसरा डॉक्टरला. त्याचं एक कारण भरपाईचे नियम. सरकार मारलेल्या कोंबड्यांचे पैसे देतं, आधीच मेलेल्यांचे नाही. म्हणजे लवकर कळवण्यात पैशांच्या हिशेबानेही शहाणपण आहे, पण हे शेतकऱ्याला कोणी नीट समजावून सांगत नाही. मी जिथे जातो तिथे आधी हे सांगतो.

गाडीचा आणखी एक अनुभव. काही वर्षांपूर्वी चिपळूणजवळच्या एका शेडमध्ये लिफ्टिंगची, म्हणजे तयार कोंबड्या उचलून नेणारी गाडी आली. क्रेट वरून धुतलेले होते, पण खालच्या जाळीत सुकलेली विष्ठा तशीच होती. आदल्या दिवशी ती गाडी कुठे जाऊन आली, कोणी विचारलं नाही. अर्धी बॅच उचलली आणि उरलेल्या अर्ध्यात सहाव्या दिवशी मर सुरू झाली. तो मानमोडीचा (राणीखेत) रोग होता, बर्ड फ्लू नव्हे, पण वाट तीच. विष्ठेतला बर्ड फ्लूचा विषाणू ३७ अंशांवर सुमारे सहा दिवस टिकतो, ४ अंशांच्या थंडीत निदान ३५ दिवस. आपल्याकडे आंबा-काजूच्या बागांना घाटावरून कोंबडखताचे ट्रक येतात, तेव्हाही हे आकडे डोक्यात ठेवा. खत कुजलेलं, ताडपत्रीने झाकलेलं घ्या, खुराड्यापासून लांब उतरवा.

आता तुमची बारा अंडी. आतल्या गर्भाला लागण झाली असेल तर तो बहुधा मरतो. पण कवचावर विष्ठेचा डाग असेल तर विमानाच्या गारव्यात तो विषाणूला छान सांभाळतो. ती अंडी तुम्ही हाताळणार, खुडूक कोंबडीखाली ठेवणार, त्याच हातांनी बाकीच्यांना कणी टाकणार. शक्यता किती? मस्कतच्या ज्या घरातून ती येणार तिथली परिस्थिती मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. अंडी स्वच्छ निघण्याचीच शक्यता जास्त, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ती चुकली तर नुकसान फक्त तुमचं नाही. रोग पक्का झाला की साधारण एक किलोमीटरच्या परिघातले सगळे पाळीव पक्षी मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख लागते. शेजारच्या म्हातारीच्या चार तलंगाही त्यात जातात. शिवाय परवानगीशिवाय अशी अंडी आणणं बेकायदाच आहे. विमानतळावर पकडली तर नष्ट करतील.

मोठ्या अंगाची कोंबडीच हवी असेल तर वनराज, गिरिराज यांसारख्या जाती आपल्याकडेच विकसित झाल्यात, कोकणच्या दमट हवेत परसात बऱ्या चालतात. पिल्लं सरकारी केंद्रातून किंवा पावती देणाऱ्या हॅचरीतून घ्या. ब्रह्माचीच हौस असेल तर देशातल्याच पाळणाऱ्याकडून घ्या, पण त्याची शेड डोळ्यांनी बघून. कुठूनही आणलेली कोंबडी निदान तीन आठवडे वेगळी ठेवा, तिला दाणा-पाणी सर्वांत शेवटी, वेगळ्या चपला घालून. बाजारात न विकली गेलेली कोंबडी परत कळपात सोडू नका. ही सवय मोडायला लोकांना सर्वांत जड जातं. बदकं असतील तर कोंबड्यांपासून तोडा. आणि एक गैरसमज: लासोटा दिली म्हणजे बर्ड फ्लूची लस झाली, असं नाही. ती मानमोडीची. एच५एन१ची लस भारतात कोंबड्यांना दिली जात नाही.

एका-दोन दिवसांत अचानक बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे-काळे पडले, डोकं सुजलं, अंडी एकदम थांबली, तर मेलेल्यांना उघड्या हाताने उचलू नका, खाडीत किंवा वहाळात तर अजिबात टाकू नका. उरलेल्या विकू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नाहीतर १९६२ला फोन लावा. नमुने पुण्याला आणि तिथून भोपाळला जातात, मध्ये काही दिवस जातात. तेवढे दिवस खुराड्याचं दार बंद ठेवा.

तुमच्या भावाला शिमग्याला यायचंच असेल तर खजूर घेऊन यायला सांगा. आणि तिथे तो कोंबड्यांच्या बाजारात किंवा कोणाच्या शेडमध्ये गेला असेल, तर घरी आल्यावर आधी चपला-कपडे धुवा, पहिले काही दिवस त्याला खुराड्याकडे पाठवू नका. तुमच्या साडेतीनशे कोंबड्या कुठे-कुठे चरतात, जवळ खाडी किंवा खाजण आहे का, तेवढं कळवा. त्यावरून हिवाळ्यात त्यांना कधी कोंडायचं ते सांगतो.